एक मीटर दोरी

७ जुलै, सोमवार

वैजूच्या उजव्या मनगटाला प्लास्टर. सहा आठवडे! काल संध्याकाळी जवाहर चौकात केळीवाल्याच्या गाडीपाशी पडली. ती केळी निवडत होती, मी मागे ओळंबाला धरून उभा. त्याला मांजर दिसलं, त्याने झेप घेतली, दोरी सर्रकन तिच्या नडग्यांवर आडवी गेली आणि बाई हातावर आपटली. साकेत नगरला इस्पितळात चार तास मोडले. हाडाला तडा आहे, सरकलेलं नाही, एवढंच बरं.

सकाळी प्रसादचा इंदूरहून फोन. त्याला सांगितलं, कुत्र्याने असा हिसडा दिला की दोरीची चकरी माझ्या हातातून निसटली.  तो म्हणाला, "हातातून निसटली?" मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाला.

वैजू शेजारीच पडून होती. बोलली नाही काही. औषधाने गुंगी आली असेल.

९ जुलै

खिचडी जमली! मीठ राहिलं. तिने मागितलंही नाही, तशीच खाल्ली.

११ जुलै, शुक्रवार

पुन्हा प्रसाद. आमच्या सुनेच्या, ऋचाच्या काकांचं महूजवळ शेत आहे म्हणे. तिथे राखणीला कुत्रा हवाच आहे. "गणपतीला गाडी घेऊन येतोय, तेव्हा ओळंबाला घेऊन जातो. आईला परत पडलेलं परवडणार नाही, बाबा."

मी फोन आपटला.

सात वर्षं झाली त्याला आमच्याकडे. रिटायर झालो त्याच पावसाळ्यात जिन्याखाली सापडला. एवढंसं पिल्लू, शेपूट सरळ रेषेत खाली लोंबतंय. भिंतीला ओळंबा सोडावा तसं! म्हणून नाव ओळंबा. वैजू तेव्हा म्हणाली होती, कुत्र्याला असलं नाव जगात कुणी ठेवलं नसेल. नसेलच. म्हणून तर ठेवलं.

आता शेपूट गोल झालंय. नाव तेच.

१२ जुलै

इथे तरी खोटं लिहू नये. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

चकरी हातातून निसटली नव्हती. वैजू पडली तेव्हाही ती माझ्या मुठीतच होती. मूठभर डबी, आत स्प्रिंगवर पाच मीटर दोरी, वर अंगठ्याखाली ब्रेक. अंगठा दाबून ठेवला की दोरी थांबते, उचलला की कुत्रा पळेल तेवढी सुटत जाते. ओळंबाने हिसडा दिला आणि मी अंगठा उचलला. मीच.

का उचलला तेही मला ठाऊक आहे. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं सर्व्हे केला. तीस मीटरचा स्टीलचा टेप. पुढचा माणूस शून्याचं टोक घेऊन झुडपात शिरायचा, मी डबी धरून मागे. टेप कुठे अडकला, हिसका बसला, की पुढून ओरड यायची, "साहब, ढील!" आणि त्याआधीच माझी पकड सैल झालेली असायची. न सोडणाऱ्याचा टेप तुटतो. खात्यात दर वर्षी कुणाकुणाचे तुटायचे. माझा चौतीस वर्षांत एकही नाही! निरोपसमारंभात साहेबांनी माइकवर सांगितलं होतं हे.

तर हिसका बसला की ढील द्यायची, हे हाताला येतं. कुत्र्यालाही दिली.

आणि नाव त्याचं सांगितलं. चौतीस वर्षांत एक रेघ चुकली नाही असं ज्याने उभ्या भोपाळला ऐकवलं, त्याने मुलाला कुठल्या तोंडाने सांगायचं की माझ्या अंगठ्याने तुझी आई पडली?

१५ जुलै, मंगळवार

प्रसादशी सौदा केला. म्हटलं, गणपतीला येशील तेव्हा तू, तुझी आई, मी आणि ओळंबा, चौघं जवाहर चौकातून जायचं. सणाची गर्दी असेल, ढोल असतील, मांजरंही असतील. त्यात दोरी एकदा जरी कुणाच्या पायात आली, तर घेऊन जा. नाही आली तर तुझ्या काकेसासऱ्याने राखणीला दुसरा कुणी बघावा.

म्हणाला, "साधा चार फुटी पट्टा का नाही लावत?" म्हटलं, संध्याकाळी मैदानावर त्याला धावायला दोरी लागते, आणि मैदानाची वाट बाजारातून जाते. शिवाय उपकरणात दोष नाही. उपकरण धरणाऱ्याला धरता यायला हवं. हे बोलून गेलो आणि जीभ चावली.

"ठीक आहे," म्हणाला. "आईला विचारतो."

आईला काय विचारायचं? पण विचारलं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात तर तसं."

१९ जुलै, शनिवार

पहाटे सहाला टेप घेऊन चौकात. सात वर्षांनी खरा टेप हातात! केळीवाल्याची गाडी ते बांगड्यांचं दुकान, मोकळी गल्ली दोन मीटर दहा. दोन्ही बाजूंना स्कूटर लागल्या की उरते एक मीटर वीस. त्यात समोरून येणारा माणूस, त्याची पिशवी, पोराचा हात. आणि आपण तिथे कुत्र्याला पाच मीटर दोरी देतो! पाच मीटर म्हणजे त्या गल्लीत आडव्या पडलेल्या चार गल्ल्या. हे मी कधी मोजलं नव्हतं. ही चकरी घेऊन दोन वर्षं रोज जात होतो आणि मोजलं नव्हतं!

चहावाला म्हणाला, "अंकल, रोड चौड़ी हो रही है क्या?" मी म्हटलं, "नहीं, रस्सी छोटी हो रही है."

२० जुलै

नकाशा काढला. झकास! पन्नासास एक प्रमाण. गल्लीला लाल रंगाचा हात: तिथे दोरी अर्धा मीटर, ब्रेकला कुलूप, कुत्रा डाव्या पायाशी. चौकातल्या मोकळ्या भागाला पिवळा: एक मीटर, अंगठा ब्रेकवर. मैदान हिरवं, तिथे त्याची मजा. दोरीला दर मीटरला लाल दोऱ्याची गाठ मारली, सर्व्हेच्या साखळीला पितळी खुणा असायच्या तशी. न बघता बोटाला कळतं किती सुटली.

वैजूला दाखवला. डाव्या हाताने धरून बराच वेळ बघत होती. "सगळं आलंय," म्हणाली. "केळीवाला, बांगडीवाला, नाली. मी पडले ती जागा नाही आली."

ती काढली मग. लाल फुली. पण मोजणीच्या नकाशात मोजणारा कुठे उभा होता तेही दाखवतात. ते मी काढलं नाही. तिने मागितलंही नाही.

२४ जुलै, गुरुवार

अंगठ्याला शिकवायचं म्हणजे हिसका हवा. ओळंबाला उगाच पळवून किती हिसके घेणार? दोरीला पाण्याची अर्धी बादली अडकवली आणि दुसऱ्या मजल्यावरून जिन्याच्या मधल्या फटीत सोडली. हिसका बसेल तेव्हा अंगठा दाबायचा. उचलायचा नाही!

पहिली बादली थेट तळमजल्यावर. दुसरीही. तिसरी विलासच्या दारातल्या तुळशीवर.

विलास देशकर खाली राहतो, माझ्याच खात्यातला, मूळचा आमच्यासारखाच नागपूरकडचा. बनियनवर बाहेर आला. "हे काय करून राहिले तुम्ही मधुकरराव?" सांगितलं. त्याने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वहिनीच्या हातानंतर तुमचं डोकं बी तपासून घ्या जरा."

तुळस वाचली. कुंडी नाही.

२५ जुलै

वीस खेपा. अकरा चुकल्या.

२८ जुलै

वीस खेपा. चार चुकल्या. विलास आता खाली खुर्ची टाकून मोजतो आणि ओरडतो, "गेली!" आज म्हणाला, "रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जाऊन राहिली, तुम्ही बादली टाकून राहिले." पण मोजायचं सोडत नाही.

३१ जुलै, गुरुवार

वीसपैकी वीस!!

एकोणसत्तराव्या वर्षी चौतीस वर्षांची सवय मोडली. कुणी मोडून दाखवावी. विलासने टाळी दिली. वैजू वर कठड्याशी उभी होती, ती हसली. पडल्यापासून पहिल्यांदा मोकळं हसली.

२ ऑगस्ट

शहाणपणा नडला. मैदानावर ओळंबा सुसाट सुटला आणि मी दुसऱ्या हाताने दोरीच धरली. बारीक दोरी, तर्जनी सुरीने कापावी तशी कापली. नकाशाच्या मागे लिहून ठेवलं: दोरीला हात लावायचा नाही, बोटाला गुंडाळायची तर मुळीच नाही. चकरी हातातून सोडायची नाही, कारण ती रस्त्यावर खडखडत मागे आली की कुत्रा आणखी भेदरून पळतो.

वैजूने डाव्या हाताने पट्टी बांधली. माझी डावी तर्जनी, तिचा उजवा हात. घरात दोन माणसांत मिळून एक धड माणूस उरलाय.

१० ऑगस्ट, रविवार

आज चौकात जुई भेटली. समोरच्या इमारतीतली, कॉलेजात जाते. कानाला फोन, हातात तशीच चकरी, आणि तिचा पग पाच मीटर पुढे पाणीपुरीच्या ठेल्याखाली! मी थांबवलं. फोन ठेव म्हटलं. अंगठा इथे, चार बोटं इथे, कोपर अंगाशी. वळणाआधी दोरी आत घे, वळल्यावर नाही. दुसरा कुत्रा समोर आला की थांब, गुंता होऊ देऊ नकोस. दोन चकरा मारून घेतल्या तिच्याकडून. पोरगी हुशार आहे. म्हणाली, "काका, ये तो किसी ने बताया ही नहीं! मला वाटायचं बटण फक्त गुंडाळायला असतं."

पाच-सात माणसं जमली होती बघायला. केळीवाला त्यांना सांगत होता, "साहब नक्शा बनाए हैं पूरे चौक का." छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटावं.

मग जुईने विचारलं, "काकूंना कसं लागलं होतं, काका?"

मी म्हटलं, यानेच हिसडा दिला ना.

ओळंबा डाव्या पायाशी बसला होता. अर्धा मीटर, कुलूप लावलेलं, अगदी शिकवलं तसा. आपलं नाव निघालं असं वाटून शेपूट हलवलं त्याने. घरी येईपर्यंत मला त्याच्याकडे बघवेना.

१८ ऑगस्ट, सोमवार

प्लास्टर निघालं. हात वाळून काटकी झालाय. डॉक्टरांनी चेंडू दाबायला दिला. ओळंबाला वाटलं त्याच्यासाठी आणला! तिने त्याला तो दिला, त्याने परत आणून दिला, असा व्यायाम चाललाय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वैजू पडल्यानंतर पहिल्यांदा आमच्याबरोबर बाजारातून चालली. मला वाटलं होतं ती चार हात लांब राहील. नाही. माझ्या उजव्या बाजूला, अंगाला लागून. केळीच्या गाडीपाशी मात्र माझ्या शर्टाची बाही धरली.  चकरी इतकी घट्ट धरली होती की घरी आल्यावर बोटं उघडेनात.

सांगावंसं वाटलं.  मग म्हटलं, आता सगळं नीट होतंय, कशाला? परीक्षा पास झालो की ओळंबा राहतोय, मग कुणाचं काय बिघडलं?

२४ ऑगस्ट

प्रसाद, ऋचा आले. गाडीच्या मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून आणलीय. ओळंबासाठी.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज सविस्तर लिहितो. हात अजून गरम आहे.

संध्याकाळी साडेपाचला निघालो. उद्या हरतालिका, परवा गणपती. चौकात मूर्ती, मखरं, पत्री, केवडा, लाडूंच्या गाड्या. पाय ठेवायला जागा नाही. पुढे वैजू पिशवी घेऊन, मग ओळंबा आणि मी, मागे प्रसाद. हाताची घडी घालून, इन्स्पेक्शनला आल्यासारखा.

गल्लीच्या तोंडाशी दोरी अर्ध्या मीटरवर, कुलूप. एक स्कूटर अंगावर आली, थांबलो, ओळंबा थांबला. पत्रीवालीच्या टोपलीशी एक छोटी मुलगी त्याच्या गळ्यातच पडली, तो चाटून मोकळा. चौकात आलो, एक मीटर, अंगठा ब्रेकवर. आणि नेमका तेव्हा टेम्पोवरून मोठी मूर्ती आली आणि ढोल सुरू झाले, कानाशी, एकदम वीस ढोल! ओळंबा उसळला. असा हिसका गेल्या महिन्याभरात मला कुठल्या बादलीने दिला नव्हता.

अंगठा खाली होता.

दोरी तसूभर सुटली नाही. मी एक पाऊल त्याच्याकडे टाकलं, चकरी छातीशी घेतली, तो माझ्या पोटरीला चिकटून थरथरत उभा राहिला. मूर्ती गेली. वैजूच्या आणि दोरीच्या मध्ये अख्खा हात जागा होती. मी बघितलं, मोजलं.

सांगतो, निरोपसमारंभात शाल मिळाली तेव्हाही असं वाटलं नव्हतं. ओरडावंसं वाटलं. तिकडे घरी बसलेल्या विलासला ऐकू जावं असं.

केळीच्या गाडीपाशी पोचलो. तीच गाडी, तीच जागा. प्रसाद हसत होता. वाकून त्याने ओळंबाच्या पाठीवर थाप मारली. "पास! राहा बाबा तू इथेच." आणि केळीवाल्याला म्हणाला, "क्यों भैया, सुधर गया ना ये?"

केळीवाला म्हणाला, "बिलकुल सुधर गया. साहब ने सीधा कर दिया."

सुधर गया! ओळंबा माझ्याकडे बघत होता, शाबासकीसाठी. वाटलं, गप्प राहा, मधुकर. जिंकलास. कुत्रा घरी राहतोय, बायको उभी आहे, मुलगा खूष आहे. आणखी काय पाहिजे?

पण ज्याचं काम चोख आहे त्याला कुणी "सुधारला" म्हणतं ते मला आयुष्यात कधी सहन झालेलं नाही. खात्यात माझ्या माणसाला कुणी असं म्हटलं असतं तर मी फाईल फेकली असती. तोंडातून निघूनच गेलं, हिंदीत, केळीवाल्याला: "ये बिगड़ा ही नहीं था भैया. मैं बिगड़ा था. रस्सी मैंने छोड़ी थी."

मग प्रसादकडे वळून मराठीत सांगितलं. चकरी निसटली नव्हती. माझ्या हातात होती. अंगठा मी उचलला, टेपच्या सवयीने. तुझ्याशी खोटं बोललो, जुईशी बोललो, सगळ्यांशी बोललो. कुत्र्याने फक्त मांजर पाहिलं, ते कुठलाही कुत्रा बघतो. वैजू, तुला मी पाडलं.

चौकात एवढा गोंगाट, पण मला काही ऐकू येत नव्हतं. केळीवाला केळी पुसत राहिला. वैजूने एक फणी उचलली, पिशवीत टाकली. "चला," म्हणाली. "पत्री घ्यायचीय अजून." तिचे डोळे भरले होते, मी पाहिलं ते.

घरी आल्यावर नकाशा काढला. लाल फुलीच्या मागे, दीड मीटरवर, मी उभा होतो तिथे खूण केली आणि शेजारी नाव लिहिलं. आता नकाशा पुरा झाला. इतका बरोबर नकाशा मी खात्यातही काढला नव्हता, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

२६ ऑगस्ट

हरतालिका. वैजूचा उपास. ओळंबाचा नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

आरती झाली. ताटं वाढताना मी ऋचाला म्हटलं, तुझ्या काकांना कळव हो, आमचा ओळंबा काही महूच्या शेतावर येत नाही.

ती म्हणाली, "कुठलं शेत, बाबा? काकांनी ते तीन वर्षांपूर्वीच विकलं."

प्रसाद पानात मान घालून बसला. मी वैजूकडे पाहिलं.

"पडताना तुमचा अंगठा दिसला होता मला," ती म्हणाली. "इस्पितळातूनच प्रसादला सांगितलं होतं मी. शेताची थाप माझीच. हाताचं काही नव्हतं हो, हात बरा होतो. मुक्या जिवावर ढकललंत ते लागलं. म्हटलं, बघू, किती दिवस लावतात."

आणि माझ्या पानात मोदक वाढला. उजव्या हाताने.

पन्नास दिवस लावले मी. मोजले.